डौला नेमकं काय करते, आणि मनासारखं झालं नाही तर ती काय करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला सातवा महिना चालू आहे. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात बाळ गेलं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे. कॅलिफोर्नियातल्या माझ्या जावेला डौला होती आणि तिची डिलिव्हरी नॉर्मल झाली. पुण्यात डौला घेतली तर माझीही नॉर्मल होईल का? आई म्हणते, मी येणारच आहे, परक्या बाईला पैसे कशाला द्यायचे? खरं सांगायचं तर पुन्हा काही वाईट झालं तर काय, याचीच मला जास्त भीती वाटते. घरात त्यावर कुणी बोलत नाही."

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते. पुण्यात डौला म्हणून, म्हणजे बाळंतपणात बाईला सोबत करणारी म्हणून, काम करताना मला भेटणारी बहुतेक जोडपी 'नॉर्मल व्हावी' म्हणून येतात. इच्छा अगदी रास्त आहे, पण डौला त्यासाठी नेमायची नसते. आम्ही सोबत करतो ती बाईची. मग डिलिव्हरी नॉर्मल होवो की सीझर, बाळ दिवस भरायच्या आधी येवो, पोटातच जावो, किंवा सगळं कळूनसवरून गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागो. यातल्या अवघड वेळी सोबतीची गरज जास्त असते आणि नेमकी तेव्हाच आजूबाजूची माणसं गप्प होतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत जी डौला "नॉर्मल करून देते" असं म्हणेल, तिला नम्रपणे नको म्हणा. असं वचन कुणालाच देता येत नाही. आणि ते फसलं की बाईला वाटत राहतं, आपणच कुठेतरी कमी पडलो.

काम काय असतं ते सांगते. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "म्हणजे सुईणच ना?" तशी नाही. सुईण बाळंतपण करते. प्रशिक्षित मिडवाइफ बाळाचे ठोके ऐकते, तपासणी करते, बाळ हातात घेते. डौला यातलं काहीही करत नाही. आतून तपासत नाही, बीपी बघून निदान करत नाही, गोळी देत नाही, ड्रिप कमी-जास्त करत नाही, डॉक्टरांचं म्हणणं खोडून काढत नाही. शिफ्ट बदलली की सिस्टर बदलते. डॉक्टर एका वेळी चार पेशंट बघतात. डौला मात्र एकाच बाईसाठी आलेली असते आणि बाळ होईपर्यंत जागची हलत नाही. सलग आणि फक्त तुमच्यासाठी असणं, हीच या कामाची खरी ताकद.

बाळंतपणाच्या आधी आमच्या काही भेटी होतात. त्यात मी बाईला तिच्या भीतीबद्दल विचारते, हॉस्पिटलची पद्धत समजावते, आणि नवऱ्याला किंवा आईला हाताने करायच्या गोष्टी शिकवते. एक उदाहरण देते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळा कंबरेत येतात, आणि दोन कळांच्या मधेही कंबर सुटत नाही. अशा वेळी पाठीवरून हात फिरवून काही उपयोग होत नाही, उलट बाई हात झटकून टाकते. तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या थोडा वर टेकवायचा, कळ चढू लागली की अंगाचा भार देऊन दाबायचं आणि कळ पूर्ण उतरेपर्यंत दाब सोडायचा नाही. जागा बोटभर इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो, म्हणून "इथे का? खाली?" असं विचारत शोधावं लागतं. सापडली की बाईचा श्वासच बदलतो. रात्रभर हे एकट्याने होत नाही. म्हणून नवरा आणि मी आळीपाळीने दाबतो, आणि एकाचा हात मोकळा असेल तेव्हा तो पाण्याचा घोट पाजतो, किंवा तिला आठवण करून लघवीला घेऊन जातो. मूत्राशय भरलेलं असलं तर बाळाला खाली सरकायला अडथळा होऊ शकतो, आणि कळांच्या भरात बाईला लघवीची जाणीवच राहत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. टाका असताना उकिडवं बसणं, बॉलवरचे व्यायाम, जिने चढउतार यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, मग ते डौलाने सांगितलेलं असो की व्हिडिओत पाहिलेलं. टाका साधारण ३६-३७ व्या आठवड्यात काढतात. त्याआधी ठरावीक अंतराने पोट घट्ट होऊ लागलं, कंबर किंवा ओटीपोट सतत दुखू लागलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. डौलाला फोन गाडीत बसल्यावर. टाका असताना जोराच्या कळा येणं हे तातडीचं काम आहे, घरी वाट बघायची वेळ नव्हे.

आता नॉर्मलचा प्रश्न. यावर संशोधन झालेलं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या डॉक्टरांच्या गटाने ग्वाटेमालातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाहणी केली, ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे बायका लेबर रूममध्ये एकट्याच असायच्या. काहींना शेजारी बसणारी, पाठ चोळणारी, बोलणारी एक अनोळखी बाई दिली. सोबत मिळालेल्यांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, सोबत नसलेल्यांना १९.३ तास. गट अगदी लहान होता, म्हणून त्या आकड्यांवर मी फार भार देत नाही. पुढे ह्यूस्टनमध्ये झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाशेहून अधिक बायका होत्या. डौला होती त्यांच्यात सीझरचं प्रमाण ८ टक्के, कुणीच नव्हतं त्यांच्यात १८ टक्के. या अभ्यासात तिसराही एक गट होता. त्या खोलीत एक बाई नुसती नोंदी करत बसलेली असे, ती बोलत नव्हती की हात लावत नव्हती. तिथे सीझर १३ टक्के होतं. खोलीत कुणीतरी आहे, एवढ्यानेही फरक पडलेला दिसतो.

कॉक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे. तिच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि पंधरा हजारांवर बायका एकत्र धरल्या आहेत. सलग सोबत मिळालेल्यांत सीझर कमी, वेदनाशामकांची गरज कमी, कळांचा काळ थोडा कमी (सरासरी पाऊण तासाच्या आत), आणि बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणाही कमी, असं त्यात दिसलं. सोबत करणारी बाई हॉस्पिटलच्या स्टाफमधली नव्हती आणि नात्यातलीही नव्हती, तिथे सीझरमधली घट जास्त ठळक होती. याच्या उलट, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ सात हजार बायका होत्या आणि सोबत हॉस्पिटलच्याच नर्सेसनी केली होती. तिथे सीझरच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. यावरून मी एवढंच म्हणेन की डौलामुळे शक्यता थोडी तुमच्या बाजूला झुकते, यापलीकडे काही नाही. आपल्या देशात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाली. इतका मोठा फरक एकटी डौला भरून काढू शकत नाही. कुठलं हॉस्पिटल आणि कुठले डॉक्टर निवडता, याचा परिणाम माझ्या असण्या-नसण्यापेक्षा जास्त होतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

आणि सीझर झालं तर? तेव्हा घाबरलेल्या बाईला पुढच्या दहा मिनिटांत काय होणार आहे ते सांगणारं कुणीतरी हवं असतं: कंबरेत इंजेक्शन, पाय जड होणं, समोर पडदा, ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, अंग थरथरलं तर घाबरू नकोस. बऱ्याच ठिकाणी डौलाला ऑपरेशन थिएटरमध्ये सोडत नाहीत, म्हणून हे दाराबाहेर, स्ट्रेचर थांबतं तेवढ्या वेळात सांगावं लागतं. बाळाचे ठोके पडले आणि डॉक्टरांनी "आत्ताच्या आत्ता" म्हटलं, तर तिथे डौलाने एक शब्दही मधे घालायचा नाही. पण घाई नसेल तर बाईने स्वतः विचारावं: हे आत्ताच करायला हवं का? तासभर थांबलो तर धोका काय? दुसरा काही उपाय आहे का? हे प्रश्न मी तिच्याकडून आधी घोटून घेते. तिच्या वतीने मी विचारत नाही, कारण शरीर तिचं आहे आणि उत्तर तिला कळायला हवं. माझ्या अनुभवात शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. भांडायच्या तयारीने येणारी डौला पेशंटचंच नुकसान करते.

तुमच्या आईचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. आईसारखी माया डौला करू शकत नाही आणि करायलाही जाऊ नये. पण लेकीला कळा येताना बघणं आईला फार जड जातं. तिला स्वतःचं बाळंतपण आठवतं, आणि तुमच्या बाबतीत तर गेल्या वर्षीचं सगळं आठवेल. मग ती एकतर रडते, नाहीतर "कर बाई एकदाचं सीझर, माझ्याच्यानं बघवत नाही" म्हणते. यात तिचा दोष नाही. तिलाही कुणीतरी सांभाळायला लागतं, आणि ते कामही बऱ्याचदा डौलाच करते. आईला बाहेर बसवून चहा देणं, दर थोड्या वेळाने काय चाललंय ते सांगणं, आणि बाळ जवळ आलं की आत बोलावणं, एवढं केलं तरी खोलीतलं वातावरण बदलतं.

पैशांची अडचण खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. पुण्या-मुंबईत ही सेवा स्वस्त नाही आणि लहान गावांत ती जवळजवळ नाहीच. परवडत नसेल तर कर्ज काढून डौला घेऊ नका. नात्यातली, शेजारची, स्वतः बाळंतपणातून गेलेली, शांत डोक्याची आणि मुख्य म्हणजे तुम्हाला आवडणारी एक बाई निवडा. कंबरेचा दाब, श्वास, वर सांगितलेले तीन प्रश्न हे तिला आणि नवऱ्याला एखाद्या प्रसूतिपूर्व वर्गात शिकून घेऊ द्या. ग्वाटेमालात सोबत करणाऱ्या त्या बायकांनाही कुठली पदवी नव्हती. सरकारी दवाखान्यात तर केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाळंतपणात एक सोबतीण ठेवता येते, आणि लेबर रूममध्ये आडोशाची नीट सोय असेल तर नवऱ्यालाही येऊ देता येतं. लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही हे आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली आहे. प्रत्यक्षात दारावरच्या मावशी "आत कुणी नाही" म्हणतात. म्हणून आधीच्या तपासणीला डॉक्टरांशी बोलून केसपेपरवर तसं लिहून घ्यावं. तोंडी परवानगी रात्री दोन वाजता कामाला येत नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. हे वाचायला जड आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

दिवस राहिल्याचं कळल्यानंतरच्या साधारण १० ते २० टक्के गर्भधारणा आपोआप गळून पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत कारण गुणसूत्रांतल्या चुकीचं असतं. पपई खाल्ली, स्कूटर चालवली, जड उचललं म्हणून ते झालेलं नसतं. तरी घरी आल्यावर बाईला पहिला प्रश्न हाच विचारला जातो: "काय खाल्लं होतंस?" गर्भपातानंतर डौलाचं निम्मं काम म्हणजे हा प्रश्न तिच्या डोक्यातून काढणं. उरलेलं काम साधं असतं: क्युरेटिंगच्या (गर्भपिशवी साफ करण्याच्या) दिवशी बरोबर जाणं, घरी किती रक्त जाणं ठीक आणि किती झालं की दवाखाना गाठायचा ते आधी सांगून ठेवणं. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि हे सलग दोन तास चाललं, चक्कर आली, ताप आला किंवा घाण वास आला तर थांबायचं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करायचा, कारण तोवर बाकीच्यांचे फोन बंद झालेले असतात.

बाळ पाचव्या महिन्यानंतर गेलं तर सहसा कळा आणूनच डिलिव्हरी करतात. ज्या मजल्यावर बाकीच्यांची बाळं रडत असतात त्याच मजल्यावर हे चालतं. अशा वेळी मी गेल्यागेल्या सिस्टरना विनंती करते की कोपऱ्यातली खोली द्या आणि दारावर काहीतरी खूण करा, म्हणजे कुणी चुकून "मुलगा की मुलगी?" विचारत आत येणार नाही. मग बाईला हळूहळू सांगते की बाळ कसं दिसेल. त्वचा पातळ, लालसर, कधी सोललेली असते, ओठ गडद असतात, अंग मऊ पडलेलं असतं. आधी माहीत असलं की मनाने रंगवलेलं भयंकर चित्र पुसलं जातं. आणि मग विचारते: बघायचंय? हातात घ्यायचंय? फोटो हवा आहे? पायाचा ठसा घ्यायचा?

आपल्याकडे या क्षणी घरातली पुरुष मंडळी घाई करतात. बाळ कापडात गुंडाळून पुरायला घेऊन जातात, आणि आईला म्हणतात, "बघू नकोस, विसरणं जड जाईल." हे प्रेमापोटीच असतं. पण बाळ नऊ महिने असो की पाच, पोटात तिने वाढवलेलं असतं, आणि बघायचं की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. काहींना बघायचं नसतं आणि तेही बरोबरच. मी एकदा विचारते, थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारते, तिसऱ्यांदा नाही. आत्ता नको म्हणाली तर ठसा आणि फोटो पाकिटात बंद करून नवऱ्याकडे किंवा बहिणीकडे देते. कधी मागितला तर असतो. पाकीट उघडायचं की नाही, कधी, हे तिचं तिने ठरवायचं.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तरी येऊ शकतं. गेल्या वर्षी कदाचित तुम्हालाही आलं असेल आणि कुणी आधी सांगितलं नसेल. मला भेटणाऱ्या बायका सांगतात की सगळ्यांत जास्त तेव्हा तुटायला झालं. पूर्वी छाती घट्ट बांधून ठेवायचे. त्याने दुखतं आणि गाठी होऊ शकतात. त्यापेक्षा आधार देणारी बेताची घट्ट ब्रा, थंड पट्ट्या, आणि फारच ताण आला तर दाब हलका होईल एवढंच दूध काढायचं. दूध थांबवायची गोळी असते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. काही बायकांना दूध लगेच थांबवायचं नसतं. त्यांनाही कुणी वेडं ठरवू नये.

कागदांचंही काम असतं आणि त्या दिवसांत ते कुणालाच सुचत नाही. २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची जन्म-मृत्यू नोंदणीत वेगळी नोंद होते. त्याआधी पोटातच गेलेल्या बाळाच्या नोंदीचा मात्र दाखला मिळत नाही, म्हणून सोनोग्राफीचे फोटो आणि हॉस्पिटलची फाईल जपून ठेवा. भावंडांना पुढे कधी सांगायचं असेल तर तेवढंच हाती असतं. नोकरी करणाऱ्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात १९६१ पासून आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. ही रजा माहीत नसल्यामुळे आठवडाभरात कामावर परतलेल्या बायका मला भेटतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

ज्यांना गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो त्यांच्यासाठीही डौला असते, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. आपल्याकडे हा प्रसंग बऱ्याचदा १८ ते २० व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीनंतर येतो. बाळात मोठा दोष दिसतो, पुढच्या तपासण्या सांगतात, रिपोर्टला दिवस जातात, आणि एकीकडे मुदत सरकत असते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं, आणि गंभीर दोष असेल तर २४ नंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मी त्या कुटुंबासोबत बसून तारखा एका कागदावर लिहून काढते, एवढंच. काय ठरवायचं त्यावर माझं मत देत नाही, विचारलं तरी देत नाही. बाई सज्ञान असेल तर कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही अनेक ठिकाणी मागतात, पण कायदा ती मागत नाही. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतचा हा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अशा वेळी सोबत करणारीने तोंड बंद ठेवणं हा सोबतीचाच भाग आहे. ज्या बाईने हे कुणालाही सांगितलेलं नसतं, तिच्याबद्दल आमच्या दोघींच्या बाहेर एक शब्द जाता कामा नये.

तुमच्या जावेचा अनुभव कॅलिफोर्नियातला आहे. तिथे १ जानेवारी २०२३ पासून कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या मेडी-कॅल योजनेत डौलाचा खर्च सरकार देतं. बाळंतपणाच्या सोबतीबरोबरच त्यात मृत जन्म, आपोआप झालेला गर्भपात आणि ठरवून केलेला गर्भपात या वेळची सोबतही धरली आहे. हेच मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे डौलांची नोंदणी करणारी कुठलीही सरकारी परिषद नाही, कुणीही स्वतःला डौला म्हणवू शकते. म्हणून पारख तुम्हालाच करावी लागेल. प्रमाणपत्र बघा, पण त्यावर थांबू नका. विचारा: तुम्ही आजारी असाल त्या दिवशी कोण येईल? आधी सोबत केलेल्या एखाद्या बाईशी बोलायला मिळेल का? बाळ वेळेआधी आलं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं, तर तुम्ही काय करता? बाळ गेलं तर येता का, आणि त्या वेळी पैशांचं काय? शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, पण तो विचाराच. जी डौला "असं अशुभ बोलू नका" म्हणून विषय बदलेल, ती तुमच्यासाठी नाही.

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे तुमची आई माझ्यापेक्षा जास्त करेल. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मालीश, सगळं होऊ द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो. सीझर झालं तर टाके भरेपर्यंत पोटाला मालीश नको. पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणं साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही झोप उडालेली, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, सतत भीती, असं असेल तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार मनात आला तर मात्र त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि दवाखान्यात जा. आधी बाळ गमावलेल्या आईला दुसरं बाळ सुखरूप हातात आल्यावरही हे होऊ शकतं. "आता तर सगळं छान झालं ना?" असं लोक म्हणतात तेव्हा तर जास्तच.

तर पुढच्या तपासणीला तीन गोष्टी करा. लेबर रूममध्ये तुमच्यासोबत कोण असेल ते डॉक्टरांना विचारून फाईलवर लिहून घ्या. टाका कधी काढणार आणि त्याआधी कळा आल्या तर रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही त्याच पानावर असू द्या. आणि त्या पानावर गेल्या वर्षीच्या बाळाची तारीख ठळक लिहायला सांगा. दाखल होताना प्रत्येक नवी सिस्टर तुम्हाला "पहिलटकरीण ना?" विचारणार, आणि दर वेळी ते पहिल्यापासून सांगण्याची तुम्हाला गरज नाही. डौला नेमलीत तर दर शिफ्टला सिस्टरना बाजूला घेऊन हे सांगणं तिचं काम. नाही नेमलीत तर ते आजच तुमच्या नवऱ्याकडे सोपवा. डौलाच्या पहिल्या भेटीला आईलाही घेऊन जा, आणि त्या बाळाबद्दल जे बोलायचं राहिलंय ते तिच्यासमोरच बोला.